शनिवारी गड, रविवारी घर: नोकरदारांच्या पहिल्या गडभ्रमंतीसाठी मार्गदर्शक

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे चालवलेल्या लढ्यानंतर. महाराष्ट्रातील राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. बँकेत काम करणाऱ्यांना महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा मिळतो, तर आयटी कंपन्यांतील बहुतेकांना आठवड्याचे दोन्ही दिवस. इतक्या सायासाने हाती आलेली ही सुट्टी आपण कशी घालवतो, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. शनिवारी उशिरा उठायचे, दुपारी मोबाइल चाळायचा, रविवारी साठलेली कामे उरकायची आणि संध्याकाळी सात वाजता सोमवारची धाकधूक सुरू व्हायची.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे, ज्यांची नोकरी बैठी आहे, ज्यांनी आजवर एकही गड पायी चढलेला नाही आणि ज्यांना सुट्टीचा एक दिवस सह्याद्रीत घालवावा असे मनापासून वाटते, पण सुरुवात कुठून करायची हे कळत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की गड एकच निवडावा, तो शनिवारी करावा, दुपारी पायथ्याला आणि संध्याकाळी घरी परतावे, आणि रविवार पूर्णपणे घरासाठी राखून ठेवावा. उदाहरणासाठी मी मळवली स्थानकावरून होणारा लोहगड घेतला आहे, कारण तो पुणे आणि मुंबई या दोन्ही शहरांतून रेल्वेने गाठता येतो, वाट मळलेली आहे आणि पायथ्याला वस्ती आहे.

१. बुधवारी गड ठरवा

शुक्रवारी रात्री ठरवलेला बेत शनिवारी पहाटे मोडतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. बुधवारी ठरवले, तर घरच्यांना वेळेवर सांगता येते, ऑफिसातले काम शुक्रवारपर्यंत आवरता येते आणि शनिवारच्या हवामानाचा अंदाजही बऱ्यापैकी हाती आलेला असतो.

पहिला गड निवडताना चार गोष्टी तपासाव्यात. पायथ्याच्या जवळपास रेल्वे किंवा एसटी जाते का, पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण दोन तासांच्या आत संपते का, वाट ठळक आहे का आणि पायथ्याच्या गावात पाणी व जेवण मिळते का. या चारही प्रश्नांना होकार मिळत नसेल, तर तो गड पुढच्या वर्षासाठी ठेवावा. पुणेकरांना सिंहगड आणि लोहगड या कसोटीला उतरतात, नाशिककरांना रामशेज, सातारकरांना अजिंक्यतारा आणि सज्जनगड, छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींना देवगिरी. मुंबईकरांना कर्नाळा जवळ पडतो, पण सुळक्याखालचा शेवटचा टप्पा खडा आहे, हे मनाशी धरून जावे.

येथे नवख्यांची सर्वांत मोठी फसगत समाजमाध्यमांवरच्या तीस सेकंदांच्या चित्रफितींमुळे होते. कलावंतीण सुळक्याच्या पायऱ्या किंवा हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा त्या चित्रफितीत जितका जवळ दिसतो, तितका तो पायांना जवळ नसतो. चित्रफीत काढणारा किती वर्षे चढतो आहे, त्या दिवशी किती वाजता निघाला होता आणि उतरताना त्याचे काय झाले, यांतले काहीही त्यात दिसत नाही.

पावसाळ्यात दोन चौकशा सक्तीच्या समजाव्यात. पहिली हवामान खात्याच्या इशाऱ्याची: जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर बेत रद्द करावा आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ती सततच्या मुसळधार पावसातच. दुसरी चौकशी जिल्हाधिकाऱ्यांच्या मनाई आदेशाची. जून ते सप्टेंबर या काळात धबधबे, धरणे आणि काही गडांवर पर्यटकांना बंदी घालणारे आदेश निघतात, ते दर वर्षी बदलतात आणि अनेकदा नेमके सुट्टीच्या दिवसांपुरते असतात. पायथ्याला पोहोचल्यावर पोलिसांनी परत पाठवले, तर सुट्टीचा अर्धा दिवस रस्त्यातच जातो. पहिल्या गडासाठी सर्वांत योग्य काळ मला विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातला सह्याद्री देखणा असतो हे खरेच, पण शेवाळलेल्या पायरीवर पाय कसा टाकायचा हे कोरड्या दिवसांत शिकलेले बरे.

२. रविवार सोडा, शनिवार धरा

ज्यांना दोन्ही दिवस सुट्टी आहे, त्यांतले बहुतेक जण शनिवार विश्रांतीला आणि रविवार भटकंतीला देतात. मी हा क्रम उलटा करायला सांगतो आणि त्याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत.

पहिले कारण गर्दीचे. २०२३ च्या जुलैमध्ये एका रविवारी याच लोहगडावर इतकी माणसे चढली, की दरवाजांजवळच्या अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकले आणि लोकांना कित्येक तास जागचे हलता आले नाही. शनिवारी गर्दी नसतेच असे नाही, परंतु रविवारपेक्षा ती निश्चितच कमी असते, आणि शनिवारी सकाळी लवकर पोहोचणाऱ्याला गड बराचसा मोकळा मिळतो.

दुसरे कारण रेल्वेचे. मुंबईत मध्य आणि हार्बर मार्गांवर देखभालीसाठीचा मेगाब्लॉक बहुधा रविवारी असतो. कर्जत, नेरळ, पनवेल या बाजूंना निघालेल्या माणसाचा परतीचा प्रवास त्यामुळे दीड-दोन तासांनी सहज लांबतो.

तिसरे कारण आपल्याच पायांचे. सवय नसलेल्या स्नायूंचे दुखणे त्याच दिवशी फारसे जाणवत नाही, ते दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जोर धरते. रविवारी गड उतरलेला माणूस सोमवारी ऑफिसचा जिना कठडा धरून उतरतो आणि मंगळवारी सहकाऱ्यांना स्पष्टीकरण देत बसतो. शनिवारी चढलेल्या माणसाचा निम्मा त्रास रविवारी घरातच निघून जातो.

शुक्रवारी रात्री अकराला बसमध्ये बसायचे, पहाटे तीनला चढायला लागायचे आणि माथ्यावर सूर्योदय पाहायचा, अशा रात्रीच्या मोहिमा हल्ली फार लोकप्रिय झाल्या आहेत. पहिल्या खेपेला त्यांच्या वाट्याला जाऊ नये. पाच दिवस काम करून थकलेले शरीर, न झालेली झोप आणि अनोळखी वाट या तीन गोष्टी एकत्र आल्या की पाय मुरगळायला दगडही लागत नाही. शिवाय अनेक संरक्षित गडांवर सूर्यास्तानंतर थांबण्यास मनाई असते.

३. सोबत कोणाची घ्यावी

पहिल्या खेपेला तीन ते पाच जणांचा गट सोयीचा पडतो. एकट्याने जाऊ नये आणि पंधरा जणांची वऱ्हाडेही नेऊ नयेत, कारण मोठ्या गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याइतका असतो आणि त्याची वाट पाहण्यातच बाकीच्यांचा दिवस संपतो. गटातल्या एकाने तरी तो गड आधी पाहिलेला असावा.

तसा कोणी मिळत नसेल, तर संस्थांबरोबर जाण्याचा पर्याय आहे. येथे मात्र पैसे भरण्याआधी प्रश्न विचारण्याचा संकोच करू नये. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. ही नोंदणी आहे का, एका प्रमुखामागे किती माणसे असतील, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे आणि पावसामुळे बेत रद्द झाल्यास पैसे परत मिळतील का, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. उत्तर गुळमुळीत आले, किंवा माहितीऐवजी फक्त गेल्या वेळचे फोटो आले, तर दुसरी संस्था शोधावी.

घरी एका माणसाला लेखी निरोप ठेवावा: कोणता गड, कोणत्या गावातून चढणार, सोबत कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. लोणावळा परिसरात अडकलेल्यांना सोडवण्याचे काम ‘शिवदुर्ग मित्र’ ही संस्था वर्षानुवर्षे करते आहे, आणि अशा बचाव पथकांना सर्वांत आधी हीच माहिती लागते. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये जतन केलेला असावा.

४. शुक्रवारी पिशवी भरा

पिशवी शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी भरून दाराशी ठेवावी. पहाटे साडेचारला पाण्याची बाटली शोधणारा माणूस सगळे घर जागे करतो, आणि पुढच्या वेळी घरचे त्याला जाऊ देताना विचार करतात.

आवश्यक कागदपत्रे आणि साधने अशी आहेत:

• आधार कार्ड किंवा दुसरे एखादे ओळखपत्र, आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी
• रोख रक्कम, सुट्या नोटांसह, कारण गडावर ‘नेटवर्क नाही’ हे उत्तर वारंवार मिळते
• माणशी किमान दोन लिटर पाणी, मार्चनंतर तीन लिटर
• मीठ-साखरेची पूड किंवा ओआरएसची पाकिटे
• मागे दोन पट्टे असलेली सॅक, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात
• बॅटरी, परत येण्याचा बेत दुपारचा असला तरीही
• टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, मोज्यांचा एक जादा जोड
• चिकटपट्टी, बँडेज, जंतुनाशक मलम, आपली रोजची औषधे
• कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी
• पावसाळ्यात रेनकोट आणि मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी (छत्री गडावरच्या वाऱ्यात टिकत नाही)

बुटांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नवखा माणूस एक तर ऑफिसचे बूट घालून येतो, किंवा पहिल्याच गडासाठी हजारो रुपयांचे बूट घेतो. दोन्हीची गरज नाही. तळव्याला खोल खाचा असलेले, मागून घट्ट बसणारे आणि अंगठ्यापुढे थोडी जागा ठेवणारे बूट पुरतात. सह्याद्रीत फिरणारी कित्येक मंडळी ‘ॲक्शन’चे साधे ट्रेकिंगचे बूट वर्षानुवर्षे वापरताना दिसतात. नवे बूट घेतलेच, तर आठवडाभर घराजवळच्या रस्त्यावर घालून फिरावे, नाहीतर ते पहिल्या तासात टाचेला चावतात. आदल्या रात्री पायाची नखे कापावीत. ही सूचना वाचताना हसू येते खरे, पण उतरताना बोटे बुटाच्या पुढच्या भागावर आपटू लागली की तिचे महत्त्व पटते.

खाण्यासाठी न सांडणारे आणि न विटणारे पदार्थ घ्यावेत. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-दाणे, चिक्की आणि काकडी ही शिदोरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती उगाच नव्हे. वेफर्सची पाकिटे जागा खातात, तहान वाढवतात आणि मागे कचरा ठेवतात.

५. शनिवारी पहाटे निघा

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी पहाटेची लोकल धरावी आणि कामशेतनंतरच्या मळवली स्थानकावर उतरावे. मुंबईहून येणाऱ्यांनी सकाळच्या एक्स्प्रेसने लोणावळा गाठावे आणि तेथून पुण्याच्या दिशेने जाणाऱ्या लोकलने एक स्थानक पुढे यावे, किंवा लोणावळ्याहून रिक्षा ठरवावी. लोकलचे तिकीट मोबाइलवर काढणार असाल, तर ते स्थानकात शिरण्याआधीच काढून ठेवावे. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या मार्गावर दर पाच मिनिटांनी गाडी नसते, आणि दुपारी दोन गाड्यांमधले अंतर बरेच वाढते. परतीच्या तीन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात.

दुसरा एखादा गड निवडून एसटीने जाणार असाल, तर उतरताना वाहकाला ‘परतीची शेवटची गाडी किती वाजता?’ एवढे विचारूनच उतरावे. फलकावरची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ यांतला फरक त्यालाच नेमका माहीत असतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात पन्नास टक्के सवलत आहे, त्यामुळे मैत्रिणींच्या गटाला हा प्रवास फारच स्वस्त पडतो.

स्वतःची गाडी नेण्याचा मोह होतो, आणि पहाटे जाताना ती सोयीचीही वाटते. तथापि परत येताना दमलेल्या पायांनी क्लच दाबत लोणावळ्याच्या सुट्टीच्या वाहनकोंडीत अडकणे म्हणजे काय, हे जाणाऱ्यालाच कळते. रेल्वेत निदान झोप काढता येते.

६. मळवली ते लोहगड

मळवलीला उतरल्यावर रूळ ओलांडून भाजे गावाचा रस्ता धरावा. द्रुतगती मार्ग पुलावरून ओलांडला, की वीस-पंचवीस मिनिटांत गाव येते. समोर दोन डोंगर दिसतात, त्यांतला उजवीकडचा लोहगड आणि डावीकडचा विसापूर. दोन्हींच्या मधली गायमुख खिंड हे आपले पहिले उद्दिष्ट. खिंडीपर्यंतचा रस्ता डांबरी-काँक्रीटचा असला तरी चढ चांगला दमवतो. ज्यांना तो टाळायचा असेल, त्यांना मळवलीहून पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत रिक्षा मिळते. भाडे बसण्याआधी ठरवावे आणि परतीसाठी चालकाचा क्रमांक घ्यावा. माझा सल्ला चालण्याचा आहे, कारण या दीड-दोन तासांत श्वासाची लय बसते आणि पुढच्या पायऱ्या सोप्या जातात.

चढताना पाळायचा नियम एकच: बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. वाक्य पूर्ण करताना धाप लागत असेल, तर वेग जास्त आहे. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी घ्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये, आणि थांबायचे ते उभ्यानेच. बूड टेकले की उठायला मन तयार होत नाही.

लोहगडवाडीत एक काम विसरू नये. परत येताना जेवायचे असेल, तर जातानाच एखाद्या घरी किंवा हॉटेलात सांगून ठेवावे, माणसे किती आणि साधारण किती वाजता तेही सांगावे. पिठलं-भाकरी, ठेचा आणि कांदा एवढे ताट असते, पण भाकरी तव्यावरून थेट पानात पडते. आयत्या वेळी विचारले, तर तासभर थांबावे लागते.

गड केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली असून प्रवेशाचे तिकीट असते, त्याच्या वेळा आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात. त्यानंतर पायऱ्या सुरू होतात आणि एकामागून एक चार दरवाजे लागतात: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. हा भाग घाईने ओलांडू नये. वाट प्रत्येक दरवाजापाशी अशी वळते, की पुढच्या दरवाजाकडे जाणारा माणूस वरच्या तटावरून सतत माऱ्याच्या टप्प्यात राहावा. हनुमान दरवाजापाशी उभे राहून खाली पाहिले, की नागमोडी वाट आणि तिला कवेत घेणारा तट एकाच नजरेत येतात, आणि मग रचनेमागचा विचार कोणी समजावून सांगावा लागत नाही. नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधवून घेतला. त्याच्या जवळच्या कोठारात भात आणि नाचणी साठवत असत. पायऱ्यांचे दगड लाखो पावलांनी गुळगुळीत झाले आहेत, त्यामुळे कडेने आणि पूर्ण पाऊल टेकवून चालावे.

शिवाजी महाराजांनी हा गड १६४८ च्या सुमारास स्वराज्यात आणला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत लोहगड आहे. माथ्यावर लक्ष्मी कोठी, पाण्याची टाकी, तलाव आणि नाना फडणवीसांनी बांधलेली मोठी बाव (विहीर) पाहावी, आणि मग विंचूकाट्याकडे वळावे. गडाची ही लांब, चिंचोळी सोंड विंचवाच्या नांगीसारखी दूरवर गेली आहे. तिच्यावर उतरताना थोडा खडकाळ टप्पा लागतो. वारा जोराचा असेल किंवा दगड ओले असतील, तर सोंड वरूनच पाहावी. जाऊन येऊन सुमारे तास लागतो, तो वेळ आधीच हिशेबात धरावा.

माकडे पिशवीची चेनसुद्धा उघडतात, तेव्हा खाऊ हातात घेऊन तर फिरूच नये. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळाची पोळी असतात, त्यांच्याजवळ आरडाओरडा, धूर आणि अत्तराचा भपकारा, तिन्ही टाळावेत. मोबाइल ‘एअरप्लेन मोड’वर ठेवावा, कारण डोंगरात नेटवर्क शोधण्यातच त्याची बॅटरी संपते. नावे कोरणाऱ्यांविषयी आणि तटावर बाटल्या फोडणाऱ्यांविषयी मी येथे लिहीत नाही. गडावर मद्यपान केल्यास कारवाई होते, एवढे त्यांच्या कानावर घालावे.

सर्वांत मोहाचा सापळा समोरच उभा असतो, तो म्हणजे विसापूर. इतक्या जवळ आलो आहोत तर तोही करून टाकू, असे गटात कोणीतरी अकरा वाजता म्हणतेच. विसापूर लोहगडाहून उंच आहे, त्याची एक वाट ओढ्यातल्या दगडांतून चढते आणि माथ्याचा विस्तार एवढा आहे, की धुक्यात उतरण्याची जागा सापडत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड फारसा प्रतिकार न होता त्यांच्या हाती पडला, हा इतिहास खरा आहे. तुम्हाला मात्र दोन्ही एकाच दिवशी घ्यायची घाई नाही.

७. उतरा, जेवा आणि लेणी पाहा

साडेअकराच्या सुमारास उतरायला लागावे. बहुतेक जण पडतात ते उतरताना, कारण पाय थकलेले असतात आणि मन घरी पोहोचलेले असते. गुडघे किंचित वाकवून, लहान पावले टाकत, शक्य तर काठी घेऊन उतरावे. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी आणि स्वतः डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या बाजूला कधीही नव्हे.

जेवून भाज्याला परतेपर्यंत दोन-अडीच वाजतात. लोकलची ती विरळ वेळ भाजे लेण्यांत घालवावी, कारण गावातून पायऱ्या चढून गेले की कातळाची सावली मिळते. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली ही २२ बौद्ध लेणी आहेत. मोठ्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या सभागृहात, छताला लाकडी फासळ्या आहेत आणि खांब किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत भार पेलण्यासाठी खांब कलते ठेवावे लागत, आणि कातळात त्याची गरज नसतानाही कोरणाऱ्यांनी जुनी रीत सोडली नाही. थोडे पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे, आणि दक्षिणेकडच्या विहारात तबल्यासारखे वाद्य वाजवणारी स्त्री कोरलेली आहे. ती पाहायची राहिली, तर लेणी पाहिली असे म्हणू नये. कार्ल्याची लेणी रुळांच्या पलीकडच्या डोंगरात आहेत. ती दुसऱ्या एखाद्या शनिवारी पाहावीत.

चार-साडेचारची लोकल मिळाली, तर पुणेकर सहाच्या आत घरी असतो आणि मुंबईकर रात्रीच्या जेवणाला.

८. रविवार घरासाठी

शनिवारी रात्री झोपण्याआधी फक्त दोन कामे करावीत. खर्चाचा हिशेब गटात त्याच रात्री मिटवावा, कारण आठवड्यानंतर रिक्षाचे पैसे कोणी दिले हे कोणालाच आठवत नाही. आणि पिशवीतला ओला कपडा व उरलेला खाऊ बाहेर काढावा.

रविवारी बुटांतला चिखल कोरडा झाल्यावर ब्रशने झाडावा. बूट भिजले असतील, तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावेत, कारण कडक उन्हात तळव्याचा गोंद सुटतो. पाय दुखत असले तरी दिवसभर पडून राहू नये. सकाळी मंडईपर्यंत चालत जाऊन भाजी आणली, तर स्नायू लवकर मोकळे होतात आणि घरातला समतोलही टिकतो. ज्या घरात एक जण शनिवारी डोंगरात जातो, तेथे दुसऱ्याच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न रविवारी विचारला गेला पाहिजे. महिन्यातून एक-दोन शनिवारच गडाला द्यावेत, असे मी सांगतो ते याचसाठी.

९. ज्यांना फक्त रविवार मिळतो

दुकाने, कारखाने, रुग्णालये येथे काम करणाऱ्या अनेकांना आठवड्यातून एकच सुट्टी मिळते. त्यांनी आपल्या शहरालगतचा गड धरावा आणि उजाडताना चढायला लागून नऊपर्यंत खाली यावे. पुण्यात सिंहगडासाठी पीएमपीची बस आतकरवाडीच्या पायथ्यापर्यंत जाते. पहाटेच्या वेळी त्या वाटेवर नियमाने चढणारी वयस्क मंडळी भेटतात आणि नवख्याला न विचारता वाट दाखवतात. वर मडक्यातले दही खाऊन गर्दीच्या गाड्या घाटात येण्याआधी उतरायचे. दुपार आणि संध्याकाळ मोकळी राहते.

१०. लोहगडानंतर कोणते गड

लोहगड विनासायास झाला, तर पुढचा तिकोना घ्यावा. कामशेतहून पवनानगरमार्गे तिकोना पेठ गावी जाता येते, चढ छोटा पण शेवटी खडा आहे आणि वरून पवना धरणाचे पाणी दिसते. त्यानंतर गुंजवणे किंवा पाली गावातून राजगड. येथे दिवस पूर्ण लागतो आणि बालेकिल्ल्याच्या चढणीवर हात वापरावे लागतात. कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर बारी गावातून शिड्यांच्या आधाराने चढता येते, पण ते हिवाळ्यातच करावे. हरिश्चंद्रगड पाचनईच्या वाटेने पुढच्या हंगामात घ्यावा. त्याच गडाच्या, घळीतून खडी चढणाऱ्या नळीच्या वाटेचे नाव मात्र कोणी काढले, तर गटात दोराचे तंत्र जाणणारा आणि ती वाट आधी चढलेला माणूस असल्याशिवाय होकार देऊ नये.